मास्तरांचं हिमयुग

१९७५ सालचा मार्गशीर्ष. कोल्हापुरात कडाक्याची थंडी पडली होती, आणि मी रोजच्यासारखा पंचगंगेच्या घाटावर अंघोळीला गेलो होतो. रोज घाटावर जाणाऱ्या माणसाजवळ किस्से गाळासारखे साठतात. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. फुगवून सांगायची सवय नाही. घडलं तेवढंच सांगतो.

आमची बैठक तिघांची. एक मास्तर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दुसरा बंडा पैलवान, म्हशी पाळणारा आणि सहीच्या जागी अंगठा उठवणारा. तिसरा मी, फाउंड्रीत भट्टीवर काम करणारा दादू.

त्या सकाळी मास्तरांनी पायरीवर पेपर उघडला आणि जाहीर केलं, "पृथ्वी थंड होत चालली आहे. हिमयुग येणार म्हणतात!"

बंडानं नदीकडं बोट केलं. थंडीत पहाटे पाण्यावर वाफ धरते, तशी धरली होती.

"आनि ह्यो काय? खाली चूल कुनी पेटीवलीया?"

"अरे, वाफ दिसते म्हणजेच हवा गार आहे."

"वा! वाफ निघाली की गार! मग घरात च्या फुंकून कशापायी पिता?"

आवाज चढले. बंडाच्या मते पृथ्वी तापत होती, कारण त्याच्या म्हशी हल्ली डोहातून लवकर बाहेर येत नव्हत्या.

"तुझी म्हैस शास्त्रज्ञ आहे का रे?"

"न्हाई. पर ती दूध तरी देती!"

शेवटी पैज लागली. बंडा हरला तर मास्तरांच्या घरी सोप्यात पाटी घेऊन बसणार आणि बाराखडी शिकणार. केवढा गडी, पण पाटीचं नाव काढलं की त्याला घाम फुटायचा. आणि मास्तर?

"मी हरलो तर या देवळाच्या कट्ट्यावरून नदीत उडी मारीन."

मास्तरांना पोहता येत नव्हतं. पाणी गुडघ्यावर चढलं की त्यांचा श्वास अडकायचा. सारी हयात पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ केलेला माणूस!

निकाल पेपरावर सोडला. पेपरात जे शेवटी खरं म्हणून येईल, ते खरं. पंच मी. पण पेपर घेणारे एकटे मास्तरच. मी बंडाला बाजूला ओढलं.

"आरं खुळ्या, निकाल त्येंच्याच हातात दिलास की!"

बंडा माझ्याकडं बघतच राहिला.

"मास्तर खोटं वाचतील व्हय?"



*

थोड्या दिवसांनी मास्तर पुरावाच घेऊन आले. थर्मामीटर! दोरी बांधून त्यांनी तो नदीत सोडला. धुणं धुणाऱ्या बायकासुद्धा हात थांबवून बघायला लागल्या.

बऱ्याच वेळानं वर काढला. पारा जागचा हललाच नव्हता. तळाशी घट्ट बसलेला. मास्तर पांढरे पडले.

"इतकी थंड? आपल्याला कळलंच नाही!"

बंडाच्या डोळ्यांपुढं पाटी उभी राहिली. त्यानं थर्मामीटर घेतला, उलटासुलटा केला.

"मास्तर, डाक्टर काखंत घालतोय त्योच न्हवं ह्यो?"

तोच होता. मास्तरांच्या सुनेच्या कपाटातला, ताप बघायचा. बंडानं मोठा सुस्कारा सोडला.

"चला! नदीला ताप न्हाई, एवढं तरी ठरलं!"

*

एकदा मास्तर मला गाठायला फाउंड्रीत आले. आम्ही साच्यात लोखंड ओतत होतो. वितळलेलं लोखंड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तोंड उघडंच राहिलं.

"दादू, पृथ्वी पोटात अशीच आहे. आणि ती निवत चालली आहे."

"हे निवायला दुसरा दिवस उजाडतो, मास्तर. पृथ्वीला किती लागंल?"

ते विचारात पडले. विचार करायला त्यांना बसायला लागायचं. मी ओरडेपर्यंत ते शेजारच्या वाळूच्या साच्यावर टेकलेसुद्धा. तो आम्ही नुकताच भरला होता!

मास्तर उडाले ते थेट दाराशी. धोतराला तळहाताएवढं भोक.

"तापलंय रे, तापलंय!"

दुसऱ्या दिवशी हे बंडाच्या कानावर गेलं. तो गंभीरपणे म्हणाला, "मास्तर पयल्यांदा खरं बोललं."

*

एका चैत्रात मात्र बंडाची पाचावर धारण बसली. ऊन मी म्हणत होतं, डांबर पायाला चिकटत होतं, आणि नदीचं पाणी अचानक बर्फासारखं गार! आदल्या दिवशी असं नव्हतं. मी पाय घातला आणि मागं घेतला. मलाही धक्का बसला. म्हटलं, मास्तरांचं हिमयुग खरंच आलं की काय?

मास्तर पायरीवर उभे. "भर उन्हाळ्यात असं पाणी! आता बोला, पैलवान!"

बंडा खालच्या आवाजात मला म्हणाला, "दादू, पाटी कुठल्या दुकानात मिळती रं?"

त्याच दिवशी मास्तरांचे व्याही राधानगरीहून त्यांच्याकडं पाहुणे आले होते. तेही अंघोळीला घाटावर आले. पाण्यात पाय घातला आणि वैतागून म्हणाले, "हितं पोचलं व्हय आमचं पानी? धरणाच्या तळातलं सोडलंय. गार असणारच की, पावणं!"

मास्तरांनी व्याह्यांकडं असं पाहिलं, की त्या गृहस्थांनी दुपारचीच एसटी धरली.

*

मग बंडानं स्वतःची पद्धत काढली. संक्रांतीला पहाटे गळाभर पाण्यात उभं राहायचं. दात वाजले तर पृथ्वी थंड, नाही वाजले तर तापली. शेवटचा शब्द पेपराचाच, पण मास्तरांनाही ती पसंत. दर संक्रांतीला बंडाचे दात असे कडकडायचे, की आम्हाला पायरीवर ऐकू यायचं. मास्तर खूश.

एका वर्षी काहीच ऐकू येईना. बंडा उभा. ओठ मिटलेले, आवाज नाही. सूर्य वर आला तरी नाही. मास्तरांच्या हातातला तांब्या गडगडत खाली गेला. त्यांनी कट्ट्याकडं पाहिलं.

मला संशय आला. "बंडा, आ कर."

त्यानं आ केला. तोंडात एकही दात नव्हता! नुसत्या हिरड्या.

"आरं, दात कुठं हायत?"

त्यानं कपड्यांच्या गाठोड्याकडं बोट केलं. "कवळी काढून ठेवलीया. पान्यात पडली म्हंजी?"

फसवायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला वाटलं, पृथ्वी खरंच तापली!

*

अशी वर्षं गेली. मी फाउंड्रीतून निवृत्त झालो. मास्तरांच्या हातात काठी आली. पैजेचं नाव कोणी काढत नव्हतं.

१९८८ सालच्या उन्हाळ्यात मास्तरांनी पायरीवर पेपर उघडला. वाचता वाचता थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. पृथ्वी थंड होत नसून तापत आहे, असं आता शास्त्रज्ञ म्हणू लागले आहेत.

त्यांनी ती बातमी वाचली नसती, तर आम्हा दोघांना मरेपर्यंत कळलं नसतं.

बंडा म्हणाला, "असू दे की. चला, च्या घिऊया."

"पैज होती, बंडा."

"आता कोन इचारतंय, मास्तर?"

"मी विचारतोय."

मग ते माझ्याकडं वळले. "दादू, पंच तू. सांग, हरलो की नाही?"

त्यांच्या पाठीमागून बंडा मला मानेनं नको नको म्हणत होता. पण पंच म्हणून मला बसवलं होतं.

"हरलासा, मास्तर."

मास्तरांनी पेपराची घडी घातली. चष्मा काढून तिच्यावर ठेवला, वर टोपी ठेवली. काठी माझ्या हातात दिली आणि देवळाच्या कट्ट्यावर चढले. बंडा अंगातल्या कपड्यांनिशी पाण्यात उतरला होता.

"मास्तर, नाक धरा! नाक धरा वो!"

मास्तरांनी नाक धरलं नाही. डोळे मिटले आणि उडी टाकली.

पाणी वर मिटलं. बंडानं बुडी मारली. वर आला तेव्हा मास्तरांचं बखोट त्याच्या हातात होतं.

पायरीवर बसून मास्तर पुष्कळ वेळ खोकले. नाकातोंडातून पाणी आलं. मग त्यांनी हात पुढं केला. मी चष्मा दिला. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी बंडाकडं पाहिलं.

"पैज फिटली?"

"फिटली, मास्तर."