बेटाची राखण

मुळशी धरणातल्या एका बेटाचं रान काठच्या गावातलं महिला मंडळ राखतं. त्यांना मदत म्हणून मी पुण्याहून टेम्पोभर रोपं नेली. मंडळाच्या मावशी म्हणाल्या, "झाडं तितं आपसूक उगवत्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेटाला वाट होती, अन् गुरं जाऊन कोंब खात्यात. त्या वाटंवर माणूस पायजे. तुमी बसताल का?"

मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं. रोपं परत पाठवली आणि काठी घेऊन वाटेवर बसले. हा तिसरा उन्हाळा. आठवड्यातले दोन दिवस माझी पाळी असते. गुरांचे मालक शिव्या घालतात, तरी दिवस मावळेपर्यंत मी हलत नाही. बेटावर जांभळाची, हिरड्याची रोपं गुडघ्याएवढी झालीत. त्यातलं एकही मी लावलेलं नाही.