लोणच्याच्या बरणीतल्या मुंग्या

साताऱ्यात आमचा संसार दोन खोल्यांचा होता आणि त्यातली एकुलती एक मोठी काचेची बरणी मुंग्यांना राहायला दिलेली होती. बरणी आईनं लोणच्यासाठी दिलेली. तिच्यात काय भरलंय ते मी माहेरी कधीच कळू दिलं नाही.

हा उद्योग अर्थातच ह्यांचा. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि या वयात नव्यानं सुरू करायचं म्हटलं तर माझं मलाच हसू येईल. हे शाळेत शास्त्र शिकवत, तेही दुसऱ्या मास्तरांच्या रजेच्या जागेवर. लढाईचे दिवस, महागाई, आणि उन्हाळ्यात ती जागा सुटणार हे ठरलेलं. अशात हे जावळीच्या रानात गेले आणि ओल्या मातीसकट मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड घेऊन आले. सांगलीच्या कॉलेजात किडामुंगीचा अभ्यास करणारे एक प्रोफेसर होते. ही जात बंद भांड्यात जगवून दाखवलीत तर प्रयोगशाळेतल्या जागेसाठी शब्द टाकतो, असं ते ह्यांना म्हणाले होते. म्हणजे मुंग्या जगल्या तर आमची चूल पेटणार. हे समजल्यावर मी बरणीचं नाव काढणं सोडून दिलं.

भीती मात्र सुटली नाही. मुंग्या तांबूस-काळ्या, बोटाच्या पेराएवढ्या, पुढं चिमट्यासारखे लांब जबडे. साखरेकडं ढुंकूनही बघायच्या नाहीत, त्यांना जिवंत शिकार लागायची. आणि त्यांचे डोळे मोठे होते. साधी मुंगी आपल्याकडं बघत नाही, ही बघायची. मी काचेपाशी वाकले की एखादी मान वळवून माझ्याकडं तोंड करून थांबायची, आणि मी झटकन मागं सरायची.

रातकिडा आत टाकला की एकजण त्याला जबड्यात धरून डंख करी. मग किडा तसाच पडून राही. हे कौतुकानं सांगत, की तो मेलेला नसतो, फक्त त्याला हलता येत नाही. मांस ताजं राहावं म्हणून ही सोय. मी निरखून पाहिलं तर खरंच त्याची मिशी हलत होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आमची मुलगी तेव्हा रांगत होती. सापडेल ते तोंडात घालायची. मी ह्यांना म्हटलं, बरणी फुटली तर? ह्यांनी बरणी परातीत ठेवली आणि परातीत पाणी ओतलं. गुळाचा डबा, दुधाचं पातेलं आम्ही असंच पाण्यात ठेवायचो, फडताळाच्या पायांखालीही पाण्याच्या वाट्या असायच्या. पाणी ओलांडून मुंगी येत नाही यावर माझा देवाइतका विश्वास होता. बरणीच्या तोंडाला मलमल बांधली होती, ती वेगळीच.

मग हे नोकरीचं नक्की करायला सांगलीला गेले. मुंग्यांना खाऊ घालायचं काम माझ्याकडं आलं. घरमालकाला कळलं तर बिऱ्हाड उचलायला लावील, म्हणून कुणापाशी बोलायचं नाही, अशी ताकीद देऊन गेले.

एका दुपारी मी दाराला आतून कडी घातली, मलमलीचं टोक उचललं आणि किडा आत सोडला. तेवढ्यात एक मुंगी काठावर आली. मी घाईनं दोरी आवळली, पण ती बाहेर राहिली होती. मला वाटलं, जाऊन जाऊन जाईल कुठं, खाली पाणी आहे. ती पाण्याच्या काठापर्यंत उतरली, थांबली, पलीकडं बघितलं, आणि टुणकन उडी मारून जमिनीवर गेली. तिथून दुसऱ्या उडीत पाट्याच्या मागं.

मी तशीच उभी राहिले. रोज दोरी सोडताना माझं लक्ष किड्याकडं असे. आधी किती गेल्या असतील? बरणीत मुळात किती होत्या हेच मला ठाऊक नव्हतं. मुलगी चटईवर निजली होती. हालचाल नाही. मी धावत जाऊन तिला गदागदा हलवलं. ती भोकाड पसरून रडू लागली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर मी तिला खाली ठेवलं नाही. कडेवर घेऊन भाकरी केली, कडेवर घेऊनच जेवले. पाळण्यात ठेवावं तर पाळण्याला दोर होता, त्यावरून मुंगी सहज उतरली असती. ती झोपली की मला धाक, की ही झोपलीय की हिला हलता येत नाहीये? मी चिमटा काढून बघायची. बिचारी दचकून रडायची आणि मी तिला छातीशी धरून रडायची. उकळतं पाणी बरणीत ओतावं असं सारखं मनात येई, पण मग सांगलीची नोकरी डोळ्यांपुढं येई.

शेवटी असह्य झालं. डंख केल्यावर माणसाचं काय होतं, तेवढं तरी कळू दे. तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी आपण आधी आपल्या हातावर घेऊन बघतो, तसंच हे, असं मी मनाशी म्हटलं. मुलीला कडेवर घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट मलमलीखालून बरणीत घातलं.

लगेच आग झाली. मी दोरी कशीबशी आवळली आणि खाली बसले. बोट सुजलं, मग पंजा. मी बोटं हलवून बघत होते. हलतायत. पुन्हा बघितलं. हलतायत. आणि मग एकदम ध्यानात आलं, की मी इथं किड्यासारखी पडले तर दाराला आतून कडी आहे आणि पोर या घरात एकटी. एवढी मी आयुष्यात पुन्हा कधी घाबरले नाही. सुजलेल्या हातानं कडी लवकर निघेना.

बाहेर शेजारीण धुणं वाळत घालत होती. तिचा नवरा पलटणीत होता. माझा हात बघून ती धावत आली.

“आवं वैनी, ह्ये काय चावलं?”

मग मात्र मी ताकीद वगैरे विसरून सगळं सांगून टाकलं. तिनं हाताला चुना लावला आणि मुलीला माझ्याकडून काढून घेतलं. “आदी का न्हाई सांगितलं? माजं घर काय लांब हाय व्हय?”

हाताची सूज दोन दिवसांत उतरली. पण बसल्या बसल्या मला उमगलं, की त्यातून काहीच सिद्ध झालं नव्हतं. माझा हात केवढा, पोरीचा जीव केवढा.

हे नोकरी घेऊन परतले. झालेलं सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं. बरणी सरळ कॉलेजात पोचवली, मग आम्हाला न्यायला आले. सांगलीच्या घरात ती कधी आलीच नाही. तरी मी मुलीला खाली ठेवेना. शहाबादी फरशीच्या फटी दिसल्या की माझे हात आवळले जायचे. बायका म्हणू लागल्या, पोर चालणार कधी? ह्यांनी परोपरीनं समजावलं. मला पटायचं, पण हात ऐकायचे नाहीत.

एका रविवारी ह्यांनी सदरा काढला आणि उघड्या अंगानं फरशीवर आडवे झाले, हात पसरून.

“मी निजलोय. चावलं तर आधी मला चावेल. आता ठेव तिला.”

मी वाकले. फरशीवर ठेवायला धीर झाला नाही, म्हणून ह्यांच्या पोटावर ठेवलं. तिथून ती आपण होऊन खाली उतरली, आणि मी तिला उचललं नाही.