उपासाला चालणारा चहा

उभ्या सांगली जिल्ह्यात एप्रिलमध्ये स्वेटर घालणारी एकच बाई असेल, आणि ती माझी मावशी आहे. कवठे महांकाळला भर दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, तेव्हा ही काकांचा लष्करातला हिरवा स्वेटर चढवून उन्हात शेंगा फोडत बसते. कोणी पंखा लावला की न बोलता उठते, बटण बंद करते आणि बटणाखालीच खुर्ची टाकून पहारा देते. फोडणी द्यायला म्हणून उठते आणि कढईसमोर, आपण कशाला उठलो, ते आठवत उभी राहते. एकदा आम्ही साताऱ्याहून जेवायला गेलो, तर वाढता वाढता भिंतीला टेकून झोपली. हातात भाकरी तशीच.

या सगळ्यावर नातेवाइकांचं एकच निदान: आळस. मला भयंकर संताप येतो. थायरॉईड कमी पडतं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे, कारण मीही तीच गोळी घेते. सकाळी अंग दगडाचं होतं, केस कंगव्यात येतात आणि वर मामी विचारते, "खातीस तरी काय गं एवढं?" चारचौघांत मी बोलत नाही. पण परवा तीच मामी मावशीला म्हणाली, "बसून बसून सुजलीस," आणि मी ओरडले, "ती आजारी आहे!" मावशी तेवढी हसली. "बोलू दे गं. तिच्या जिभेला थायराइड हुईत न्हाई."

चीड खरी, पण काळजी जास्त होती. मावशी रोज गोळी घ्यायची, तरी दर तपासणीत टीएसएचचा आकडा वाढलेलाच, म्हणजे थायरॉईड आणखी कमी. आता डॉक्टर हृदयाचीही तपासणी करा म्हणत होते. मी मुक्कामालाच राहिले. पहाटे काकांनी दुधाचा चहा केला. मावशीनं गोळी तोंडात टाकली आणि वरून चहाचा घोट घेतला.

"मावशी, उपाशीपोटी घ्यायची ना?"

"मग? उपाशीच हाय की."

"आणि हा चहा?"

"आगं, चहा उपासाला चालतोय. त्यानं पोट भरतंय व्हय?"

गोळी नुसत्या पाण्याबरोबर घे, मग तासभर चहा नको, नाहीतर ती अंगाला लागत नाही, असं मी सांगितलं. तेव्हा मात्र ती चिडली. "ह्यांनी आख्खी नोकरी पलटणीत काढली. मी एकटीच चहा पीत ऱ्हायले. आता कुठं ह्यांच्या हातचा मिळतोय, तर तू आडवी ये!"

काकांनी आपला कप बशीनं झाकला. "मी बी थांबतो की तासभर. तू तर लय वर्सं थांबलीस."

नवा रिपोर्ट अजून यायचाय. स्वेटर अजून अंगातच आहे. काल फोनवर विचारलं, तासभर दोघं करता काय?

"बोलत बसतोय."

"एवढं काय बोलता?"

 

"आगं," ती म्हणाली, "लय सांगायचं ऱ्हायलंय."