दोन बेसबॉल आणि गुडघेदुखी

ईदनंतरचा दुसरा शुक्रवार. बहारीनमधल्या झिंज भागातला आमचा फ्लॅट. हजर: मी, माझा नवरा आणि माझी भावजय. माझा धाकटा भाऊ, तिचा नवरा, रमजानच्या आधीच वारला. भावजयीचा व्हिसा त्याच्या नोकरीवर होता, त्यामुळे ती रविवारी कायमची रत्नागिरीला जाणार होती.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, सफी मासा आणि भात झाला, की नवरा आणि भाऊ टीव्हीसमोर बसायचे. भावाच्या जपानी साहेबाने देश सोडताना त्याला गेमचं मशीन आणि बेसबॉलचे दोन गेम दिले होते. कुठला गेम जास्त खरा, यावर वर्षानुवर्षं वाद.

नवऱ्याच्या गेममध्ये खऱ्यासारखी माणसं. चेंडू टाकणाऱ्याच्या कपाळावर घाम दिसायचा, चेंडू अगदी शेवटी खाली बुडायचा. भावाच्या गेममध्ये मोठ्या डोक्याच्या, पाय नसलेल्या बाहुल्या, नुसत्या बुटांवर उभ्या.

"हिला गुडघेसुद्धा नाहीत," नवरा म्हणायचा.

"गुडघे नाहीत, पण गुडघेदुखी आहे, दुल्हेभाई. तुमच्या माणसांना कधी काही दुखतं?"

ते खरं होतं. त्याच्या बाहुलीचा एखादा दिवस वाईट जायचा, कोच तिला बसवून ठेवायचा, तिचं वय वाढायचं. शाळेच्या संघापासून त्याने एक डावखुरा फलंदाज वाढवला होता. आता तो म्हातारा खेळाडू झाला होता.

त्या दुपारी भावजय म्हणाली, "आपा, यांचा खेळाडू खेळताना मला एकदा बघायचा आहे."

नवऱ्याने पहिल्यांदाच तो गेम लावला. जपानी आम्हाला येत नाही. भावाने बटणं जागेवरून ओळखायला शिकवलं होतं: वरून दुसरं बटण सरावाचं, तिसरं सामन्याचं. सीझनचे उरलेले सामने नवऱ्याने खेळून काढले. फलंदाजाची बॅट उशिरा फिरत होती. भावजय एकही चेंडू बघायचा चुकवत नव्हती.

शेवटी एक नवा पडदा आला. तो भावाने कधी दाखवला नव्हता, इथे जागा उपयोगाची नव्हती. नवऱ्याने मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर केलं आणि मोठ्याने वाचलं, "यंदा निवृत्त व्हायचं का? हो. नाही."

मग त्याने मोबाइल खाली ठेवला. "माझ्या गेममध्ये असं कुणी विचारत नाही," म्हणाला.

"नाही म्हटलं तर?" भावजयीने विचारलं.

"अजून एक वर्ष खेळेल. मग पुन्हा विचारतील."

"यांना कुठे कुणी विचारलं?"

आम्ही कुणीच बटण दाबलं नाही. चहा झाला, तिच्या बॅगांना कुलपं लागली. रविवारी विमानतळावर ती म्हणाली, "मशीन तुमच्याकडेच राहू दे, आपा. काय ते तुम्ही बघा."

उत्तर दिल्याशिवाय गेम सेव्ह होत नाही, म्हणून मशीन चालूच आहे. टीव्ही तेवढा मी बंद केला. हो की नाही, ते अजून ठरवायचं आहे.