भिकुबाईचं दळण

एकट्या बाईला दर दोन दिवसांनी दळण कशाला लागतं?

हा प्रश्न माझ्या आईनं, म्हणजे भागाबाईनं, जेठ महिन्यात पहिल्यांदा विचारला आणि मग श्रावण येईपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. ती एकटी बाई म्हणजे भिकुबाई, माझी मोठी माय, थोरली काकू. थोरले काका जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी चोपड्याला दिलेली, घरात ती आणि एक गाय. भडगावात आमच्या दोन्ही घरांना मधली भिंत एकच होती. पलीकडे डब्याचं झाकण वाजलं तरी आई अलीकडे मान वर करायची.

"गई पहाय दयन लई. येकल्या बाईले कितलं पीठ लागस? काहीतरी शे."

आईचं 'काहीतरी शे' मला हुबेहूब यायचं. डावी भुवई वर, आवाज खाली, आणि 'शे' असं ठेवायचं जसं उतू जाणाऱ्या पातेल्यावर झाकण. मी ते बापाला करून दाखवलं की तो तोंडात घास असताना हसायचा.

संशयाला कारण होतं. आदल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या भाऊबंदकीत दर श्रावणात कानबाई देवी बसते. सोमवारी सकाळी तिला गिरणा नदीवर बोळवायला न्यायची, तर आधी मोठ्या सुनेनं निरोपाच्या गाण्याचा सूर धरायचा. तिनं चार ओळी म्हटल्याशिवाय कानबाईचा पाट कोणी उचलत नाही. आमच्या आजीनंतर एकवीस वर्षं हा मान भिकुबाईचा. पण त्या वर्षी तिसऱ्या ओळीला तिचा आवाज तुटला. नुसता तुटला नाही, कोंबडीचा पाय दारात सापडल्यासारखा किंचाळला. पाटाला लागलेले हात तिथेच थांबले. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी आईनं पुढं होऊन गाणं उचललं आणि निभावलं.

दुपारी कानबाईच्या प्रसादाचे रोट खायला सगळे जमले, तेव्हा मी तो किंचाळलेला सूर जसाच्या तसा काढून दाखवला. पंगत लोळली. भिकुबाईसुद्धा हसली. मग उठून गायीला पाणी दाखवायला गेली, ती पंगत उठेपर्यंत आलीच नाही.

भाऊबंदकीतले सगळ्यात मोठे झुलाल आबा. त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "पुढला साले भागा धरी सूर." यावर भिकुबाई भांडली नाही. आईला खटकलं ते हेच.

"एकवीस वरीसना मान गया आनि बाई गप? काहीतरी शे!"

जेठात दळण सुरू झालं आणि पाठोपाठ बाकीची चिन्हंही. पहाटे भिंतीपलीकडून म्हशीसारखा खोल हुंकार यायचा. एकच, लांबलचक. आई भिंतीला पितळी फुलपात्र लावून ऐकायची आणि पुटपुटायची, "मंतर म्हनी राहिनी. मन्हावरच शे." एकदा मी शिडीवरून पलीकडे डोकावले तर मोठी माय ओसरीत गोणपाटावर उताणी पडलेली आणि पोटावर पाण्यानं भरलेलं तपेलं. तपेलं हळूच वर जायचं, हळूच खाली यायचं. तिचे ओठ हलत होते, जणू ती काहीतरी मोजत होती. मी हे घरी सांगितलं आणि आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"आते तू जाय गिरणीवर," ती म्हणाली. "दयन लई जाय. पन डोया उघडा ठेव."

मगनची पिठाची गिरणी. मगन आयुष्यभर पट्ट्याच्या धडधडाटात बोललेला, त्यामुळे तो लग्नाच्या मांडवातसुद्धा ओरडूनच विचारायचा, 'भाजी वाढू का!' मी भिकुबाईचं विचारलं तर तो पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवून गरजला, "ती? डबा ठेवस, मांगे जास! सुनंदाबाईकडे! दयन कधीनं व्हई जास, बाई येत नही!"

गिरणीच्या मागच्या खोलीत सुनंदाबाई भाड्यानं राहायच्या. यावलकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याबद्दल गावाला एवढंच ठाऊक होतं की त्या कोणाकडे बसायला जात नाहीत, आणि हे गावाला पुरेसं वाईट होतं. मी दाराला कान लावला. गिरणीच्या आवाजापुढे काही ऐकू येईना. दार आतून लावलेलं. माझी खात्रीच पटली की आत जे चाललंय ते चांगलं नाही. चांगलं काम कोणी गिरणीच्या आवाजाआड कशाला करेल?

आणि लाईट गेली.

पट्टा हळू झाला, दोनदा फटफटला, थांबला. रांगेतल्या सात बायका बोलता बोलता गप्प झाल्या. त्या शांततेत मागच्या खोलीतून पेटीचा सूर आला आणि त्याच्यावर बसलेला एक लांब, सरळ 'आ'. मग सुनंदाबाईंचा आवाज, "गळा आवळू नको व बाई. श्वास पोटात भर, मग सोड. आता गाणं म्हण."

आणि भिकुबाई आमचं कानबाईचं गाणं म्हणू लागली. अर्ध्या ओळीवर तिच्या लक्षात आलं की गिरणी बंद आहे.

दार उघडलं. तिनं सात बायका पाहिल्या, मग मला पाहिलं.

"आते घर जाईसन मन्ही नक्कल करशी ना?"

मी मान खाली घातली.

"कर. पन या येळे नीट ऐकीसन कर."

तिनं मला आत बसवलं. आवाज का तुटला ते सुनंदाबाईंनी मला पेटीवरच बोट ठेवून दाखवलं. भिकुबाई एकवीस वर्षं सासूच्या सुरात गात होती. सासू जिथून उचलायची तिथूनच उचलायचं, तोच मान, अशी तिची समजूत. तरुणपणी गळा पोचायचा. आता सत्तावन्नाव्या वर्षी तो तिथे चढवताना ती मान ताणायची, खांदे उचलायची आणि तिसऱ्या ओळीला श्वास संपायचा. सुनंदाबाईंनी तिला आधी महिनाभर गाऊच दिलं नाही. पहाटे नुसता खालचा सूर धरायचा आणि पोटावर तपेलं ठेवून श्वास. मग गाणं तीन पट्ट्या खाली आणलं.

"हा तुझा सूर आहे," त्या म्हणाल्या. "तो सासूचा होता."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. आई भडकली. "सत्तावन वरीसनी बाई शायमा जास? शिकेल गानं कानबाईले चालस का?" ती मला घेऊन तडक झुलाल आबांकडे गेली. मागून भिकुबाईही आली. तिनं एवढंच मागितलं, एकदा धरू द्या. आबा घसा खाकरून खाकरून विचार करायचे. त्या दिवशी पाच वेळा खाकरले.

"पयला सूर भिकू धरी," ते म्हणाले. "तुटना, त तठेच भागा उचली. मंग कायमनी भागाच."

सोमवारी सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कानबाई नथ घालून पाटावर तयार. चौघांचे हात पाटाला. आई अगदी भिकुबाईच्या खांद्यामागे उभी, श्वास भरून, तुटायची वाट बघत.

भिकुबाईनं सुरुवात केली, आणि ती इतकी खाली की कुजबुज उठली. आईनं माझं मनगट धरलं. "हाऊ सासूना सूर नही शे! आबा, ऐकी राह्यनात का?"

आबा नुसते खाकरले.

दुसरी ओळ. कोणी हसत नव्हतं, पण कोणी मान्यही करत नव्हतं. सगळ्यांचे डोळे तिच्या गळ्यावर. मी मात्र तिच्या पदराकडे बघत होते, कारण मला ठाऊक होतं कुठे बघायचं. तिसऱ्या ओळीआधी ती थांबली. तेवढ्या थांबण्यानं आई एक पाऊल पुढं आली. पदराखाली पोट सावकाश भरलं आणि आवाज निघाला. खांदे जागचे हलले नाहीत. ओळ शेवटापर्यंत गेली आणि तिथे ती थोडी टिकलीसुद्धा.

चौथ्या ओळीला आमची ताईबाई आत्या गायला लागली. वर्षानुवर्षं ती नुसत्या टाळ्या वाजवायची. तिचा आवाज त्या उंच सुराला कधी पोचलाच नव्हता. मग तिच्या शेजारची. मग आणखी चार. आणि आई? तिनं छातीभर श्वास भरून ठेवला होता, तो कुठेतरी सोडायला हवाच होता. तीही गायला लागली.

"उचला," आबा म्हणाले.

त्या नव्या सुराची नक्कल मी घरी करून पाहिली. कोंबडी सोपी होती. हा तिसऱ्या ओळीला माझा दम संपवतो.

आठ दिवसांनी आईनं दळणाचा डबा डोक्यावर घेतला. घरातलं पीठ डब्याच्या गळ्यापर्यंत भरलेलं होतं, ते मी पाहिलं होतं. मी लपत लपत मागे गेले. गिरणीवर मगनच ओरडला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा:

"अवो भागाबाई! परवा त दयी लई गयात ना!"

"ठेव डबा," आई म्हणाली आणि मागच्या दाराकडे वळली.

रांगेतल्या एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं. "काहीतरी शे," ती म्हणाली. तिला ते आईसारखं येत नव्हतं.