चालू ठेवलेला फोन

त्या दिवशी दुपारी मी आणि खालच्या दुकानातला शिंपीमास्तर नेहमीसारखा चहा प्यालो. मास्तर तोंडात टाचण्या धरूनच काम करायचा. अलीकडं पुढ्यात कापड नसलं तरी त्याच्या तोंडात टाचण्या असायच्या. मी ओळखून होतो. मोबाइलवर जुगार खेळताना कुणी काही विचारू नये, म्हणून ते सोंग. पैसे क्रेडिट कार्डातून जायचे, घरी बायकोला पत्ता नाही, अन् पोरीच्या क्लासची फी थकलेली.

चहा संपला तरी त्यानं टाचण्या परत तोंडात घेतल्या नाहीत.

"चाचा, चाचीचा फोन चालू हाय का?"

"हाय. ती गेली, पर फोन मी रोज चार्ज करतो."

"कार्डाचा ओटीपी त्याच्यावर येऊ द्या. त्याच्याबिगर पैसा निघत न्हाई. मी मागितला तरी देऊ नका. रडलो तरी."

"तुझ्या रडण्याला कोण इचारतं?"

लगेच आम्ही बँकेत जाऊन त्याच्या कार्डाला तिचा नंबर लावला. संध्याकाळी तिचा फोन वाजला, ओटीपी आला होता. मागोमाग मास्तर दारात.

"आकडा सांगा चाचा. शेवटचा डाव."

"देत न्हाई."

"तुम्ही माझे कोण लागता हो?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर जमतंय."

शिव्या घालत तो जिना उतरला. पैसे वाचले होते. ती गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला घेऊन वर आला. "काल मी चाचांना शिव्या दिल्या," तो तिला म्हणाला, "का दिल्या ते ऐक." अन् खाली बसून त्यानं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.