कापसाची मशाल

कापूस पिकवणाऱ्या घरात जन्मून मी मशालीला तेलात भिजवलेली चिंधी बांधायची सोडून कोरडा कापूस बांधला. परवा शेजारी कुणीतरी कापूस जाळला आणि त्या करपट वासासरशी ते मैदान डोळ्यांपुढे आलं. तामसीकडच्या आमच्या गावात पहिल्यांदाच मुलींची शर्यत होती. आधी माझ्या भाचीने मशाल घेऊन मैदानाला फेरी मारायची, मग शर्यत. मी माइक धरून ज्ञान पाजळलं, "ऑलिम्पिकची ज्योत ग्रीसमध्ये उन्हावर पेटवतात आणि मैदानात पोचेपर्यंत विझू देत नाहीत!" मग ऐटीत भिंगाने वाळलं गवत पेटवून त्यावर मशाल धरली. टाळ्या पडल्या. भाची अर्ध्या फेरीलाही पोचली नव्हती, तोच कापूस भडकून गळून पडला आणि तिच्या हाती काळा दांडा उरला. मुलींनी धावूच नये म्हणणारे म्हातारे पटेल लगेच उठले. "तूच म्हणला ना, विझू देत नाईत? विझली! चला पोरीहो, घरी!" भाची मात्र थांबली नाही. "आमी काय जाळाच्या पायानं धावून राह्यलो का, आजोबा?" असं ओरडून तिने तो धुरकट दांडा उंच धरला आणि पळत सुटली. रांगेतल्या साऱ्या पोरी शिट्टीची वाट न बघता तिच्यामागे धावल्या. पटेल हात वर करून उभेच राहिले. आता शर्यत दरवर्षी होते. मशाल बांधायला मी अजूनही हौसेने पुढे सरसावतो, आणि भाची ती माझ्या हातातून काढून घेते. "मामा, तुमी भाषण द्या. तेवढंच येते तुमाले, अन् तेही लांबवता."